पतसंस्थेच्या मॅनेजरचा इन्सेन्टिव्ह कसा बांधायचा: पैसे कर्ज वाटल्याचे नाही, परत आल्याचे

ऑगस्ट-सप्टेंबर आला की आपल्याकडं पतसंस्थांच्या वार्षिक सभांच्या नोटिसा यायला लागतात. अहवालाचं पुस्तक येतं, त्यात चेअरमनचा फोटो, मनोगत, ठेवी इतक्या कोटीनं वाढल्या, कर्जवाटप इतकं झालं, आणि मागं कुठंतरी नफा-तोटा पत्रकात एक ओळ असते, "कर्मचारी पगार, भत्ते व प्रोत्साहन". त्या ओळीवर सभेत कुणीच काही विचारत नाही. मी ११ वर्षं पतसंस्थेत नोकरी केली, आता लातूर जिल्ह्यातल्या एका छोट्या संस्थेत संचालक आहे, आणि मला पक्कं वाटायलंय की ठेवीदारानं सगळ्यात आधी तीच ओळ उघडून विचारली पाहिजे, की हे प्रोत्साहन कुणाला दिलं, कशाबद्दल दिलं आणि कधी दिलं.

आधी मी जिथं होतो तिथं काय झालं ते सांगतो, नाव घेत नाही. तालुक्याच्या गावची संस्था, सहा शाखा. एका वर्षी संचालक मंडळानं ठराव केला की शाखाधिकाऱ्याला कर्जवाटपाच्या अर्धा टक्का प्रोत्साहन भत्ता, ३१ मार्चला हिशोब, एप्रिलच्या पगारात पैसे. २ कोटी वाटले की १ लाख. पहिल्या वर्षी सगळे खूश. दुसऱ्या वर्षी ती कर्जं थकायला लागली, मग सुरू झालं नवं-जुनं. थकलेल्या ३ लाखाच्या कर्जाला व्याज धरून साडेतीन लाखाचं नवं कर्ज काढायचं, त्याच माणसाच्या नावावर नाहीतर बायकोच्या, भावाच्या नावावर, आणि नव्यातून जुनं भरून टाकायचं. थकबाकी गायब, वसुली झाल्याची नोंद, वाटप साडेतीन लाखानं वाढलेलं, आणि त्या वाटपावर परत अर्धा टक्का. पेटीतून एक रुपया बाहेर गेला नाही की आत आला नाही, नुसती ट्रान्स्फर व्हाउचरं. ती व्हाउचरं मी स्वतः लिहिली आहेत, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात रात्री ११ पर्यंत बसून, आणि ते अजून मनातून जात नाही. चौथ्या वर्षी काउंटरवर आधी "सर्व्हर डाऊन" चा कागद लागला, मग आठवड्याला ५ हजारच मिळतील असा कागद लागला, मग शटर.

त्या शाखाधिकाऱ्यांना मी सरसकट चोर म्हणणार नाही. ठरावानं ज्या कामाला पैसे लावले ते काम त्यांनी केलं. म्हणून खोट ठरावात होती असं मी धरतो, आणि ठराव कसा करायचा तेच खाली सांगायलोय.

हे दुखणं आपल्या तालुक्यापुरतं नाही. २००८ ला अमेरिकेत लेहमन ब्रदर्स ही मोठी बँक बुडाली आणि जगभर बँका हलल्या, तेव्हा चौकशीत जी कारणं पुढं आली त्यात एक मोठं कारण पगाराचं होतं, आज सौदा करा, आज बोनस घ्या, सौदा पाच वर्षांनी फुटला तर तोटा बँकेचा आणि सरकारचा. त्यानंतर २००९ मध्ये फायनान्शियल स्टॅबिलिटी बोर्डानं, म्हणजे मोठ्या देशांच्या अर्थखात्यांच्या आणि मध्यवर्ती बँकांच्या जागतिक मंडळानं, तत्त्वं काढली, की मोठ्या अधिकाऱ्यांच्या बोनसचा मोठा हिस्सा रोखून ठेवा, किमान तीन वर्षांत हप्त्यानं द्या, आणि धंदा वाईट निघाला तर कापा. युरोपियन युनियननं पुढं जाऊन बोनस मूळ पगाराएवढाच, भागधारकांनी मंजुरी दिली तर दुप्पट, अशी मर्यादा घातली. ब्रिटननं ती मर्यादा ऑक्टोबर २०२३ ला काढून टाकली, पण बोनस रोखून ठेवायची पद्धत तिथं चालूच आहे. मला यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की रक्कम किती यावर भांडणं होतात, पण थांबून द्यावेत यावर सगळ्यांचं जमतं.

आपल्या देशात तर हा विचार आणखी जुना आहे. १९४९ च्या बँकिंग रेग्युलेशन कायद्याच्या कलम १० मध्येच आहे की काही अपवाद सोडले तर ज्याचा पगार कमिशनवर किंवा नफ्यातल्या वाट्यावर आहे असा माणूस बँकेनं नोकरीला ठेवू नये, आणि रिझर्व्ह बँकेला एखाद्याचा पगार अवाजवी वाटला तर तोही चालणार नाही. मग जानेवारी २०१२ ला आणि परत ४ नोव्हेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेनं खाजगी बँकांसाठी सविस्तर नियम काढले, त्यातले २०१९ चे १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. त्यात एमडी-सीईओ, पूर्णवेळ संचालक आणि जे मोठी जोखीम घेतात अशा अधिकाऱ्यांच्या एकूण मोबदल्यातला किमान निम्मा भाग कामगिरीवर बदलणारा पाहिजे, तो बदलता भाग मूळ पगाराच्या ३०० टक्क्यांच्या वर नको, आणि त्या बदलत्या भागातले किमान ६० टक्के किमान तीन वर्षं रोखून ठेवायचे, रोख भाग २५ लाखाच्या आत असेल तर त्याला सूट. शिवाय बदलत्या भागातला निम्मा, आणि तो मूळ पगाराच्या दुप्पटीच्या वर गेला तर ६७ टक्के, रोखीत नाही तर शेअरसारख्या स्वरूपात.

त्यात दोन शब्द आहेत ते नीट समजून घ्या, कारण सगळी गंमत तिथं आहे. मालस म्हणजे अजून हातात न दिलेला बोनस कापणं. क्लॉबॅक म्हणजे दिलेला परत घेणं. आयसीआयसीआय बँकेनं जानेवारी २०१९ मध्ये आपल्या माजी सीईओंचे एप्रिल २००९ ते मार्च २०१८ या काळातले बोनस परत मागितले ते क्लॉबॅक, आणि ते प्रकरण कोर्टात गेलं. एवढ्या मोठ्या बँकेला वकील लावून झगडावं लागतं, तर आपल्या पतसंस्थेचं काय होणार. दिलेला पैसा लोकं खर्चून मोकळे होतात, पोरीचं लग्न होतं, प्लॉट घेतला जातो. म्हणून पतसंस्थेत मालसच चालतं, क्लॉबॅक कागदावर ठेवा पण त्याच्या भरवशावर राहू नका.

आता हे नियम पतसंस्थेला लागू नाहीत, हे खरं. पण लागू नाहीत म्हणजे करायला मनाई आहे असं नाही, आणि आपल्याला त्याची गरज जास्त आहे, कारण बँकेत ५ लाखापर्यंतच्या ठेवीला विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. इथं बुडालं म्हणजे बुडालं.

मूळ पगार आधी सुधारा

हे पहिलं काम आणि यावर सगळे संचालक तोंड वाकडं करतात. महिना १२ हजारावर शाखाधिकारी ठेवायचा आणि बाकीचं कमिशनवर कमव म्हणायचं, तर तो कमवणारच, कसंही. आमच्या संस्थेत आम्ही मॅनेजरचा पगार ४० हजार केला आणि प्रोत्साहनाची मर्यादा वर्षाच्या पगाराच्या चौथा हिस्सा ठेवली, म्हणजे ४ लाख ८० हजारावर जास्तीत जास्त १ लाख २० हजार. रिझर्व्ह बँक मोठ्या बँकेत निम्मा भाग बदलता ठेवा म्हणते ते तिथल्या पगाराच्या मानानं ठीक आहे, आपल्या माणसाचं घर त्या पगारावर चालतं, त्याच्या किराण्याला जोखीम लावू नका. कायद्यानं ज्यांना लागू होतो त्यांचा किमान ८.३३ टक्के बोनस, ग्रॅच्युइटी, पीएफ याला या सगळ्यात हातच लावायचा नाही, ते वेगळं आणि हे वेगळं, ठरावात तसं स्वच्छ लिहा.

मोजमाप कशाचं

वाटपाचं नाही. ठेवी आणल्याचंही नाही, हे मी मुद्दाम सांगतो, कारण लोकांना वाटतं ठेवी आणण्यात काय धोका. ठेवीवर प्रोत्साहन लावलं की शाखाधिकारी गावात १२-१३ टक्क्यांचं आमिष दाखवतो, मग ते व्याज द्यायला १७-१८ टक्क्यानं कर्ज द्यावं लागतं, आणि तसलं महाग कर्ज घ्यायला जो येतो त्याला दुसरीकडं कुणी दारात उभं करत नसतं.

मोजायचं ते असं: या माणसानं ज्या कर्जांची शिफारस केली त्यांचे हप्ते कर्जदाराच्या स्वतःच्या पैशातून, वेळेवर आले का. "स्वतःच्या पैशातून" हे शब्द ठरावात पाहिजेतच. आणि मार्चचा आकडा मार्चला धरू नका, ३० जूनला परत बघा. आपल्या भागात सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आगंमागं येतो, कापसाचा डिसेंबर-जानेवारीत, उसाचं बिल कारखान्याच्या मर्जीवर. मग सोयाबीनवाल्या माणसाकडून मार्चच्या २८ तारखेला एकदम साडेतीन लाख कुठून आले? कधी जमीन विकलेली असते, कधी पाहुण्याकडून उसने घेतलेले असतात, पण जास्त करून आपल्याच पेटीतले असतात.

नवं-जुनं हुडकायला सॉफ्टवेअरची गरज नाही. १५ ते ३१ मार्चमध्ये बंद झालेल्या कर्जांची एक यादी काढा, १५ मार्च ते १५ एप्रिलमध्ये उघडलेल्या कर्जांची दुसरी, दोन्ही एक्सेलमध्ये एकाखाली एक टाका आणि मोबाइल नंबरवर सॉर्ट करा. नाव बदलता येतं, आडनाव बायकोच्या माहेरचं लावता येतं, पण मोबाइल नंबर बहुतेक तोच राहतो, कारण ओटीपी त्यावरच येतो. मग जामीनदारावर सॉर्ट करा. मग पत्त्यावर. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा दुपारच्या चहाच्या आत १९ जोड्या सापडल्या. नंतर त्या १९ ची व्हाउचरं काढा, त्यात रोखीची पावती आहे का नुसती ट्रान्स्फर आहे ते बघा. ट्रान्स्फर असेल तर ते कर्ज वसूल झालं नाही, थकीतच आहे असं धरायचं आणि प्रोत्साहनाच्या हिशोबात थकीतच लिहायचं. खरोखर अडचणीत असलेल्या शेतकऱ्याला मुदत वाढवून द्यायची असेल तर उघड द्या, मंडळात ठराव करून, पुनर्गठन म्हणून लिहून, त्यात काही वाईट नाही, दुष्काळात ते करावंच लागतं, फक्त त्यावर कुणाला बक्षीस नको.

आणखी एक चूक बऱ्याच ठिकाणी बघितली, ऑडिटला "अ" वर्ग मिळाला तर मॅनेजरला बक्षीस. करू नका. मग सगळं लक्ष ऑडिटरला खूश ठेवण्यात जातं. उलटं करा: ऑडिटरनं काढलेला थकीत कर्जाचा आकडा संस्थेनं स्वतः दाखवलेल्या आकड्यापेक्षा ठरलेल्या मर्यादेबाहेर जास्त निघाला, तर त्या वर्षीचं प्रोत्साहन शून्य. रिझर्व्ह बँकेच्या नियमातही असाच विचार आहे, बँकेनं दाखवलेल्या आणि तपासणीत निघालेल्या एनपीएत, म्हणजे थकीत कर्जात, मोठा फरक पडला की रोखलेला बोनस कापायचा. त्यामुळं मॅनेजरच स्वतःहून खरा आकडा सांगायला लागतो, आणि मला या सगळ्या व्यवस्थेत ही गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

थांबून कसं द्यायचं

ऊसतोडीचा मुकादम बघा. कारखान्याची उचल त्याच्या अंगावर असते, कोयते, म्हणजे तोडणीच्या मजूर जोड्या, पळाले तर भरपाई त्याला करावी लागते, आणि कमिशन मिळतं ते ऊस तुटून वजन झाल्यावर. ती पद्धत मजुराच्या भल्याची आहे असं मी म्हणत नाही, बीडच्या माणसाला ते काय सांगायचं. पण टोळी जमवली म्हणून कमिशन, मग ती फडात येवो न येवो, असा मूर्खपणा कुठला कारखाना करत नाही, आणि आपण पतसंस्थेत नेमकं तेच करतो.

हिशोब असा. समजा वर्षाचं प्रोत्साहन १ लाख निघालं. आर्थिक वर्ष संपल्यावर चार महिन्यांत, म्हणजे ३१ जुलैपर्यंत ऑडिट व्हायचं असतं, म्हणून पैसे एप्रिलमध्ये नाही, ऑडिट रिपोर्ट हातात आल्यावर ऑगस्टमध्ये द्यायचे. तेव्हा ४० हजार द्या. उरलेले ६० हजार २०-२० हजाराच्या तीन हप्त्यात पुढच्या तीन ऑगस्टला. हा खर्च त्याच वर्षी ताळेबंदात देणं म्हणून दाखवा, नाहीतर नफा फुगतो आणि पुढच्या मंडळाच्या बोकांडी बसतं.

दर ऑगस्टला हप्ता द्यायच्या आधी त्या मूळ वर्षाच्या शिफारशींची यादी परत उघडायची. जे कर्ज मॅनेजरच्या चुकीनं बुडालं, म्हणजे जागेवर जाऊन पाहणी केली नाही, सातबाऱ्यावरचा बोजा बघितला नाही, तारण खोटं निघालं, त्या प्रत्येक कर्जामागं त्या वर्षीच्या हप्त्यातून १५ टक्के कापायचे. गारपीट झाली, कर्जदार वारला, याचं नाही कापायचं. कोणतं कशात बसतं ते एकट्या चेअरमननं ठरवायचं नाही, तीन जणांची समिती, त्यात एक ठेवीदार सभासद, आणि मॅनेजरचं म्हणणं लेखी घ्यायचं.

रोखलेले पैसे ठेवायचे कुठं यावर आमच्या मंडळात बराच वाद झाला. मी म्हणालो आपल्याच संस्थेत, मॅनेजरच्या नावानं मुदत ठेव, लिन मार्क करून, म्हणजे संस्थेनं सोडल्याशिवाय ती मोडता येणार नाही. खाजगी बँकेत शेअर देतात म्हणजे बँक बुडाली तर अधिकाऱ्याचेही बुडावेत, पतसंस्थेला असा शेअर नसतो, मग त्यालाच ठेवीदार करा. त्याला बाकीच्या ठेवीदारांसारखंच व्याज मिळतं आणि बाकीच्यांसारखीच झोपही लागते किंवा लागत नाही.

हे सगळं लेखी पाहिजे. कर्मचारी सेवानियमात दुरुस्ती, मंडळाचा ठराव, वार्षिक सभेपुढं वाचन, आणि दर वर्षी प्रोत्साहनाचं वेगळं पत्र ज्यावर त्याची सही. तोंडी ठरलेलं असलं की कापायच्या वेळेला "असं कुठं ठरलं होतं" हेच ऐकावं लागतं. आणि राजीनामा दिला म्हणून रोखलेले एकदम देऊन टाकू नका, आणि दाबूनही ठेवू नका, ठरल्या तारखेलाच द्या. मॅनेजर बदलला की जुनं सगळं उघडं पडतं म्हणतात, ते याच काळात पडतं.

पिग्मी एजंट, सोनार आणि तपासणी करणारा

पिग्मी एजंटाचं कमिशन हीच त्याची मजुरी आहे, ते रोखू नका. सुप्रीम कोर्टानं २००१ मध्ये बँकांच्या अशा ठेव गोळा करणाऱ्यांना कामगार मानलेलं आहे. पण महिन्याला इतकी नवीन खाती असा टार्गेट लावू नका. अमेरिकेत वेल्स फार्गो बँकेत तेच झालं, खालच्या पोरांवर रोजचं टार्गेट, त्यांनी ग्राहकांना न विचारता खाती उघडली, २०१६ मध्ये १८.५ कोटी डॉलर दंड झाला आणि सुमारे ५,३०० लोकं कामावरून गेले. आपल्याकडं तेच टपरीवाल्याच्या पोराच्या नावानं १० रुपयाचं खातं होऊन दिसतं. आणि जो एजंट पैसा गोळा करतो त्यालाच त्याच्या ग्राहकाच्या कर्जाची शिफारस करू देऊ नका.

सोनेतारणात मूल्यांकन करणाऱ्या सोनाराला कर्जाच्या रकमेवर टक्का देऊ नका, तारण सोन्याच्या पाकिटामागं ठरावीक फी द्या, नाहीतर वजन आणि कस दोन्ही वाढत जातात. दर तिमाहीला काही पाकिटं दुसऱ्या गावच्या सोनाराकडून उघडून बघा, कोणती ते आदल्या दिवशी कुणालाच माहीत नको.

अंतर्गत तपासणी करणारा, कर्ज फाइल तपासून पास करणारा, यांना धंद्यावरचं प्रोत्साहन अजिबात नको, नुसता चांगला पगार. "नाही" म्हणायची ज्याची नोकरी आहे त्याला "हो" चे पैसे मिळायला लागले की संपलं.

तुम्ही संचालक नसाल, नुसते सभासद असाल तर

सहकार कायद्याच्या कलम ३२ प्रमाणं सभासदाला संस्थेच्या ऑफिसात, कामाच्या वेळेत, पोटनियम, शेवटचा ऑडिट झालेला ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सभांची इतिवृत्तं फुकट बघता येतात, आणि फी भरून नक्कल मागता येते. सभा ३० सप्टेंबरच्या आत होते, तिच्या १५ दिवस आधी जा. इतिवृत्तात प्रोत्साहनाचा ठराव शोधा, त्यात वाटप, ठेव, की वसुली यातला कोणता शब्द आहे ते बघा. मग सभेत उभं राहून एकच विचारा: गेल्या वर्षी ज्यांना प्रोत्साहन दिलं त्यांनी शिफारस केलेली किती कर्जं आज थकीत आहेत? उत्तर आकड्यात मागा, इतिवृत्तात नोंदवून घ्या. एकट्यानं विचारलं तर आवाज दाबतात, म्हणून आधी चार-पाच ठेवीदारांनी मिळून ठरवून जा.

आमच्या संस्थेत हे २०२१-२२ पासून चालू आहे. पहिल्या वर्षाच्या मॅनेजरनं २०२४ मध्ये राजीनामा दिला, दुसरीकडं चांगली नोकरी लागली होती. त्याचा शेवटचा २० हजाराचा हप्ता ऑगस्ट २०२५ ला होता, त्यासाठी तो लातूरहून एसटीनं आला. समितीनं ६४ कर्जांची यादी त्याच्यापुढं ठेवली. एक कर्जदार वारला होता, ते बाजूला काढलं. दोन बुडीत होती, एका किराणा दुकानवाल्यानं जे तारण दिलं होतं त्यावर आधीच बोजा होता, आणि दुसरं चार म्हशींचं कर्ज, ज्या म्हशी गोठ्यात कधी आल्याच नव्हत्या. दोन्हीचे मिळून ६ हजार कापले. त्यानं यादी दोनदा वाचली, म्हशींच्या ओळीवर बोट ठेवलं, "साहेब, हे मी जाऊन बघायला पाहिजे होतं" म्हणाला, आणि १४ हजाराच्या व्हाउचरवर सही केली.